दोन मिलिमीटरांचा इतिहास : गिटारच्या पिकअपची उंची कोणी ठरवायची?

१) विद्युत गिटारच्या तारांखाली एक लांबट, छोटी पेटी असते. तिला पिकअप म्हणतात. बहुतेक गिटारींत या पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो पिळला की पेटी तारांच्या जवळ येते किंवा त्यांच्यापासून दूर जाते. हा फेरफार एक-दोन मिलिमीटरांचा असतो. परंतु त्याने वाद्याचा आवाज बदलतो, तारेची आस बदलते आणि प्रसंगी सूरही ढळतो. हा स्क्रू प्रत्येक गिटारीत आरंभापासून नव्हता. तो कसा आला आणि त्याच्यामुळे वाद्याच्या आवाजावर कोणाचा अधिकार प्रस्थापित झाला, कारखान्याचा की वादकाचा, याचा मागोवा या धाग्यात घेतला आहे.

२) प्रथम यामागचे शास्त्र. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पिकअप म्हणजे याच तत्त्वाचा उपयोग. चुंबकाभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः चुंबकीय होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे क्षेत्रही थरथरते. त्यातून उत्पन्न होणारा क्षीण विद्युतप्रवाह ध्वनिवर्धक मोठा करून ऐकवतो.

३) चुंबकीय क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने क्षीण होते. त्यामुळे पिकअप तारेच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा आणि धारदार. जितका दूर, तितका सौम्य. मग तो तारेला जवळजवळ चिकटवूनच का ठेवू नये? कारण चुंबक तारेचे नुसते ऐकत नाही, तो तिला ओढतोही. फार जवळ आलेला चुंबक तारेच्या कंपनाला लगाम घालतो आणि आस लवकर विरते. शिवाय तारेचे उभे आणि आडवे कंपन वेगवेगळ्या गतीने होऊ लागते. एकाच तारेतून अगदी जवळचे दोन सूर निघतात आणि तंबोरा नीट न जुळल्यावर जशी लाट ऐकू येते, तशी लाट उमटते.

४) तंतुवाद्ये जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही सूक्ष्मता अनोळखी नाही. मिरजेचा कारागीर सतारीची जवारी काढतो, तेव्हा घोडीचा माथा किंचित घासून तार आणि पृष्ठभाग यांतले नाते तो बदलत असतो. तंबोऱ्याच्या तारेखालचा सुती दोरा पुढे-मागे सरकवणारा गायकही तेच करतो. फरक इतकाच की, तिथे अंतर हाडाचे किंवा दोऱ्याचे असते, इथे अदृश्य क्षेत्राचे.

५) विद्युत गिटारच्या इतिहासाचा आरंभ रॉक संगीतापासून किंवा जॅझपासूनही होत नाही, तो हवाई बेटांपासून होतो. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवण्याची पद्धत विकसित केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर या संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. परंतु मोठ्या सभागृहांत आणि वाद्यवृंदांत गिटारचा आवाज बुडून जाई. तो मोठा कसा करावा, हा त्या काळातील वादकांपुढचा खरा प्रश्न होता.

६) जॉर्ज बोशाँ हा स्वतः हवाईयन गिटार वाजवणारा. त्याने प्रथम गिटारीच्या पोटात धातूच्या तबकड्या बसवण्याचा मार्ग धरला. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे त्याच्या पिकअपसाठी हॅरी वॉटसन यांनी लाकडाचा नमुना कोरला. लांब दांडा आणि गोल थाळीसारखे अंग, यामुळे त्या वाद्याला ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव मिळाले. अॅडॉल्फ रिकेनबॅकर या मूळच्या स्विस यंत्रकारागिराच्या साथीने १९३२ पासून ते ओतीव अॅल्युमिनियममध्ये विक्रीस आले.

७) त्या पिकअपची रचना आज पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन मोठे चुंबक समोरासमोर ठेवलेले, आणि तारा त्यांच्या कमानीखालून जाणाऱ्या. खाली वेटोळे आणि प्रत्येक तारेसाठी एकेक असे सहा ध्रुवदंड. म्हणजे तारा चुंबकाच्या वरून जात नव्हत्या, त्याच्या कुशीतून जात होत्या. या शोधासाठी १९३४ साली अर्ज केला गेला आणि पेटंट मिळाले ते १० ऑगस्ट १९३७ रोजी. तोवर इतर कारखाने बाजारात उतरले होते.

८) इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. हवाईयन पद्धतीत तार कधीच पट्टीवर दाबली जात नाही. पोलादी तुकडा तिच्यावरून केवळ सरकतो. तार पट्टीपासून बरीच उंच असते आणि वाजवताना जवळजवळ तिथेच राहते. त्यामुळे तार आणि पिकअप यांतील अंतर कोणताही सूर वाजवला तरी फारसे बदलत नाही. एकदा अंतर ठरले की ठरले. भारतातही पुढे हीच हवाईयन गिटार रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेले व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ती घराघरांत पोहोचवली. पिकअपच्या उंचीचा प्रश्न या पद्धतीत तुलनेने सोपा होता.

९) प्रश्न अवघड झाला तो ‘स्पॅनिश’ पद्धतीमुळे, म्हणजे गिटार उभी धरून, बोटांनी तारा पडद्यांवर दाबून वाजवण्याच्या पद्धतीमुळे. इथे वरच्या पडद्यावर बोट पडले की तार खाली झुकते आणि पिकअपच्या जवळ येते. मानेकडच्या पिकअपच्या बाबतीत हा फरक सर्वाधिक असतो. सुट्या तारेला योग्य असलेले अंतर शेवटच्या पडद्यावर धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच आज उंची मोजताना तार शेवटच्या पडद्यावर दाबून मोजतात. या साध्या नियमामागे वाद्य मांडीवरून उठून वादकाच्या छातीशी आल्याचा इतिहास आहे.

१०) १९३६ साली मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील गिब्सन कारखान्याने ‘ईएस-१५०’ ही विद्युत स्पॅनिश गिटार आणली. तिचा पिकअप वॉल्टर फुलर यांनी घडवलेला. दोन लांब, जड चुंबक वाद्याच्या पोटात लपलेले. वर दिसे ती केवळ तारांखालची एक पोलादी पट्टी. हा सगळा भार गिटारीच्या वरच्या फळीला तीन स्क्रूंनी टांगलेला होता. ते पिळून पिकअपची उंची आणि कलही बदलता येई. रचनाकाराच्या दृष्टीने ती वजन पेलण्याची सोय होती. वादकाच्या हाती मात्र आवाजाची किल्लीच आली.

११) या वाद्याला कीर्ती मिळवून दिली ती चार्ली ख्रिश्चन याने. टेक्ससमध्ये जन्मलेला आणि ओक्लाहोमा सिटीत वाढलेला हा कृष्णवर्णीय तरुण १९३९ साली बेनी गुडमन यांच्या चमूत दाखल झाला. तोवर जॅझ वाद्यवृंदात गिटारचे काम बहुधा ताल धरण्याचे असे. ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनसारखी एकेका सुराची दीर्घ वाक्ये वाजवली, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते. तो पिकअप आजही ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ म्हणूनच ओळखला जातो. रचणाऱ्याऐवजी वाजवणाऱ्याचे नाव यंत्राला चिकटावे, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील दुर्मीळ गोष्ट आहे.

१२) याच पिकअपने एक नवी अडचणही उघड केली. त्या काळी पहिल्या दोन तारा साध्या पोलादी असत. तिसरीपासून पुढच्या तारांवर दुसऱ्या धातूचे वेटोळे असे. चुंबकाला प्रामुख्याने जाणवतो तो आतला पोलादी गाभा. साधी दुसरी तार सबंध पोलादाची असल्याने ती शेजारच्या तारांहून जास्त जोरात वाजू लागली. त्यावर गिब्सनने केलेला उपाय सरळ होता : पोलादी पट्टीत दुसऱ्या तारेखाली एक खाच पाडली. म्हणजे त्या एका तारेपुरते अंतर वाढवले. उंचीचा विचार आता संपूर्ण पिकअपपुरता न राहता एकेका तारेपर्यंत आला.

१३) दुसऱ्या महायुद्धानंतर या विचाराला वेग आला. गिब्सनच्या १९४६ च्या ‘पी-९०’ पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र स्क्रू होता. तो वर-खाली करून त्या तारेचा आवाज जुळवता येई. गंमत अशी की, पिकअपची पेटी मात्र काही गिटारींत थेट वरच्या फळीला खिळलेली असे. ती उचलायची तर खाली पातळ चकत्या सरकवाव्या लागत. तारेला स्वातंत्र्य होते, पेटीला नव्हते.

१४) ओहायो राज्यातील टोलेडो येथील डीआर्मंड पिकअपांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ग्रेट्श गिटारींत बसवलेल्या त्यांच्या पिकअपमध्ये सहाही चुंबक स्वतंत्रपणे, बाजूच्या स्क्रूने वर-खाली होत. त्यापासून प्रेरणा घेऊन गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी सरकणाऱ्या चुंबकांचा एक पिकअप रचला. १९५४ च्या ‘लेस पॉल कस्टम’ गिटारीत तो मानेकडे बसवला गेला. हे चुंबक अल्निकोचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांच्या मिश्रधातूचे होते. या घराण्याचे मूळ जपानमध्ये, तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ साली शोधलेल्या चुंबकीय पोलादात आहे. अल्निको ताकदवान होता आणि तीच त्याची अडचण होती. पोलादी स्क्रू तारेजवळ आणणे वेगळे आणि साक्षात चुंबकच तारेजवळ आणणे वेगळे. मोठ्या आवाजाच्या मोहाने चुंबक फार वर चढवला, तर तो तारेचा गळाच धरी.

१५) दुसरीकडे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर हे गृहस्थ रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून गिटारनिर्मितीकडे वळले होते. दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्यांच्या वाद्यांत दिसते : जे बिघडेल ते खोलता आले पाहिजे. १९५१ साली ‘टेलिकास्टर’ हे नाव धारण केलेल्या त्यांच्या गिटारीत घोडीजवळचा पिकअप धातूच्या पत्र्यातून तीन स्क्रूंनी टांगलेला होता. हे स्क्रू वरूनच फिरवता येत. मानेकडचा पिकअप मात्र लाकडाला खिळलेला होता. त्याची उंची बदलायची तर वरची संरक्षक पट्टी काढावी लागे. एकाच वाद्यात दोन विचार नांदत होते.

१६) हा दुभंग १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ने मिटवला. तिच्यात तीन पिकअप होते. प्रत्येक पिकअप पट्टीला दोन स्क्रूंनी टांगलेला, आणि पट्टी न काढता वरून पेचकस लावता येईल असा. जाड तारांकडची बाजू खाली, बारीक तारांकडची वर, असा कल देणे आता मिनिटाचे काम झाले. जाड तारांना चुंबक अधिक जोराने ओढतो, म्हणून ती बाजू सहसा खाली ठेवतात. घोडीजवळ तारेचे कंपन लहान असते, म्हणून तिथला पिकअप अधिक वर ठेवून तिन्हींचे आवाज जुळवतात. पेचकस हाती असलेला कोणीही वादक हे घरी करू शकत होता.

१७) परंतु स्ट्रॅटोकास्टरमधील चुंबकदंडांची आपसांतली उंची कारखान्यात कायमची ठरलेली होती. तिसऱ्या तारेखालचा दंड उंच आणि दुसऱ्या तारेखालचा सर्वांत बुटका. १९५४ च्या तारांसाठी, म्हणजे वेटोळे दिलेल्या तिसऱ्या तारेसाठी, हे गणित बरोबर होते. पुढे वादकांना तार खेचून सूर चढवण्याचा नाद लागला. जेम्स बर्टन यांच्यासारखे वादक हलक्या तारांसाठी बँजोच्या तारा वापरू लागले. १९६२ साली एर्नी बॉल यांनी हलक्या तारांचा तयार संच बाजारात आणला. त्यात तिसरी तार साधी होती. साहजिकच उंच दंडावरची ही साधी तार बाकीच्यांवर ओरडू लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यास फेंडर कंपनीने सगळे दंड एका पातळीत आणले. वादकांची सवय बदलल्यानंतर कारखान्याचे गणित बदलायला दशकाहून अधिक काळ लागला.

१८) कारखान्याचे गणित सर्वस्वी उलटवून वाजवणारा वादक म्हणजे जिमी हेंड्रिक्स. डावखुऱ्या हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली आणि तारा पुन्हा आपल्या क्रमाने लावल्या. परिणामी दुसऱ्या तारेसाठीचा बुटका दंड पाचव्या तारेखाली गेला आणि तिसरीसाठीचा उंच दंड चौथीखाली आला. घोडीजवळचा तिरका पिकअपही उलटला : एरवी बारीक तारांकडचे टोक घोडीच्या अधिक जवळ असते, इथे जाड तारांकडचे आले. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉकच्या मंचावरून ऐकू आलेल्या आवाजात हेंड्रिक्सचे हात आणि त्याची प्रतिभा होतीच. पण रचनाकाराने कधीही न योजलेली ही अंतरेही होती.

१९) आता पुन्हा सेथ लव्हर यांच्याकडे. एका वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विजेची गुणगुण पकडतो. त्यावर उपाय म्हणून लव्हर यांनी दोन वेटोळी अशा प्रकारे जोडली की गुणगुण परस्परांना छेदून नष्ट व्हावी आणि तारेचा आवाज मात्र टिकावा. २२ जून १९५५ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २८ जुलै १९५९ रोजी ते मिळाले. मधल्या काळात तयार झालेल्या पिकअपांवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. आज संग्राहक त्या चिठ्ठीसाठी मोठ्या रकमा मोजतात. १९५७ पासून लेस पॉल गिटारींत बसलेला हा पिकअप एका चौकटीत दोन स्क्रू आणि स्प्रिंगांवर टांगलेला असे.

२०) या पिकअपच्या एका वेटोळ्यात प्रत्येक तारेखाली फिरवता येणारा स्क्रू आहे. लव्हर यांच्या मूळ आराखड्यात तो नव्हता. त्यांनी पुढे सांगितल्यानुसार, विक्री विभागाने त्याचा आग्रह धरला. विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे दाखवायला काहीतरी हवे होते. म्हणजे वादकाला मिळालेला एक अधिकार बाजाराच्या गरजेपोटी आला. इतिहासात असे अनेकदा घडते : वस्तू ज्या हेतूने घडते, त्याच हेतूने ती वापरली जाते असे नाही. विक्रीसाठी बसवलेले ते सहा स्क्रू पुढे वादकांनी खरोखरच आवाज जुळवण्यासाठी फिरवले.

२१) अधिकाराबरोबर चूक करण्याची मुभाही आली. पिकअप अति वर चढवल्याने जाड तारेतून उमटणाऱ्या बेसूर लाटेला गिटारवादकांनी ‘स्ट्रॅटायटिस’ असे आजाराचे नावच देऊन टाकले. उपचार साधा : स्क्रू पिळून पिकअप खाली उतरवा. उत्पादकही आता आकडे देतात. फेंडरच्या सर्वसाधारण एकवेटोळी पिकअपसाठी शेवटचा पडदा दाबून जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर अंतर सुचवले जाते. हे आकडे आरंभबिंदू आहेत; अखेरचा निर्णय कानाचा.

२२) या कथेला एक उलट वळणही आहे. एडी व्हॅन हेलन याने आपल्या हातांनी जुळवलेल्या गिटारीत दुहेरी वेटोळ्याचा पिकअप थेट लाकडाला स्क्रूने घट्ट बसवला. चौकट नाही, स्प्रिंग नाही. १९७८ च्या त्याच्या पहिल्या अल्बमने गिटारवादनाची दिशा बदलली आणि लाकडाला खिळलेला पिकअप ही नवी रीत झाली. वरवर पाहता हा आरंभीच्या खिळलेल्या पेटीकडे परतीचा प्रवास वाटेल. फरक एवढाच, आणि तो महत्त्वाचा, की या वेळी अंतर कारखान्याने नव्हे, वाजवणाऱ्याने कायम केले होते.

२३) या सगळ्यातून इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. पेटंटचे आराखडे अभिलेखागारात मिळतात, चुंबक तपासता येतात, वेढे मोजता येतात. परंतु एखाद्या विशिष्ट रात्री एखाद्या वादकाने पिकअप किती उंचीवर ठेवला होता, हे कोणी टिपून ठेवलेले नसते. स्क्रूला स्मृती नसते. पुढच्या मालकाने तो एकदा फिरवला की आधीची खूण पुसली जाते. संग्रहालयातील काचेआडची गिटार जशी दिसते, तशीच ती ध्वनिमुद्रणाच्या दिवशी होती असे ठामपणे म्हणता येत नाही. वस्तू अस्सल असूनही तिच्यातला पुरावा हरवलेला असू शकतो.

२४) म्हणूनच ‘अमक्या सालच्या पिकअपचा अस्सल आवाज’ अशी जाहिरात वाचताना तरुण वादकाने आणि तरुण इतिहासप्रेमीने थोडे थांबावे. तो आवाज धातूत जेवढा होता, तेवढाच अंतरात होता, आणि ते अंतर प्रत्येक वादकाने आपापल्या कानाने ठरवले होते. बोशाँ, फुलर, फेंडर, लव्हर यांची नावे पेटंटांवर आणि यंत्रांवर राहिली. पेचकस हाती घेऊन दोन मिलिमीटरांत आपला सूर शोधणाऱ्या असंख्य वादकांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत. त्यांनी केलेल्या निवडी आज फक्त ध्वनिमुद्रणांत उरल्या आहेत. विद्युत गिटारचा इतिहास लिहिताना पेटंटांच्या कागदांइतकाच त्या ध्वनिमुद्रणांनाही दस्तऐवजाचा मान द्यावा लागेल.